तळाचा तांबडा गाळ आणि नळ्यांवरची खपली: बॉयलरमध्ये ॲसिड ओतण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गोव्यात सत्तरीत आमचा काजू कारखाना. ताशी ६०० किलो वाफेचा, ७ किलो प्रेशरचा तीन पासचा बॉयलर, टरफलांवर चालतो. दिवसाला चारेक हजार लिटर पाणी लागतं, तेही विहिरीचं. सॉफ्टनर आहे, जडपणाची टेस्ट रोज निळी, म्हणजे पास, येते. तरी चवथीनंतर बॉयलर उघडला तर तळाला टोपलीभर तांबडा गाळ आणि मागच्या ट्यूब प्लेटजवळ, म्हणजे नळ्यांची टोकं बसवलेल्या प्लेटजवळ, नळ्यांवर राखाडी-पांढरी खपली. चिमणीचं तापमान २१० वरून २७० वर गेलंय, टरफल १२ टक्के जास्त जातंय. केमिकलवाला म्हणतो ॲसिड वॉश मारा. मारू का?"

आत्ता लगेच मारू नका. तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं आत आली आहेत. तळाचा गाळ पाण्याबरोबर तसाच वाहत आलाय. नळ्यांवरची खपली पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची आहे, ती आत येऊन घट्ट झालीय. सॉफ्टनर यातला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा काढतो. चिखल, सिलिका (वाळू, काच ज्याची असते तो पदार्थ) यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि लोह त्यात शिरलं तर सॉफ्टनरच आजारी पडतो. घाटावरच्या कडक पाण्यासाठी तयार झालेला उपाय आपण जांभ्यातल्या मऊ पाण्याला लावतो आणि टेस्ट निळी आली की निर्धास्त होतो, घोळ इथंच सुरू होतो.

तुमच्या विहिरीचा पावसाळ्यातला आणि मे महिन्यातला असे दोन रिपोर्ट हाताशी असते तर नेमकं बोलता आलं असतं. तोवर मी जांभ्यातल्या विहिरींचं नेहमीचं चित्र धरतो: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९० च्या आसपास, जडपणा ६०, सिलिका १५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच ६ ते ६.५. तुमचे आकडे वेगळे निघाले तर पुढचे हिशेब त्याप्रमाणे बदला. पद्धत तीच राहील.

पाण्याकडे जाण्याआधी आगीची बाजू बघा. काजूच्या टरफलात तेल असतं. ज्वलन अर्धवट झालं की त्याची डांबरासारखी चिकट काजळी नळ्यांच्या आतून बसते (धूर नळ्यांच्या आतून जातो, पाणी बाहेरून असतं), आणि चिमणीचं तापमान तीही वाढवते. म्हणून आधी सगळ्या नळ्या ब्रशनं साफ करा, बॉयलर नेहमीच्या लोडवर दोन तास चालवा आणि तापमान लिहून ठेवा. २१५-२२० वर आलं तर दोष बहुतेक काजळीचा. २५० च्या वरच राहिलं तर पाण्याकडच्या थराचा.

१२ टक्क्यांचाही हिशेब करून बघा. चिमणीचं तापमान २२ अंशांनी वाढलं की साधारण १ टक्का इंधन वाया जातं. तुमची वाढ ६० अंशांची, म्हणजे पावणेतीन टक्के. काजळी असो वा खपली, दोन्हींचा परिणाम या आकड्यातच येतो. उरलेले नऊ टक्के चिमणीच्या तापमानात दिसत नाहीत, म्हणून ते दुसरीकडे शोधायचे. पावसात भिजलेलं टरफल, उघडी राहणारी भट्टीची दारं आणि त्यातून शिरणारी जादा हवा, काजू वाफवायच्या कुकरच्या झाकणाचं गॅस्केट, गळणारे व्हॉल्व्ह. टरफलाची रास ताडपत्रीखाली आहे की पागोळ्यांखाली, ते आजच बघा. ॲसिड वॉशनं हे नऊ टक्के परत येणार नाहीत.

आता नमुने. बॉयलर अजून उघडा असेल तर चार ठिकाणचा थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा: शेलचा (बॉयलरच्या बाहेरच्या पिंपाचा) तळ, भट्टीच्या नळीची वरची बाजू, मागच्या ट्यूब प्लेटजवळच्या नळ्या आणि फीडचं, म्हणजे बॉयलरला दिलं जाणारं, पाणी पडतं ती जागा. प्रत्येक पिशवीवर जागा आणि जाडी लिहा. चारही जागचा थर एका डब्यात कालवून लॅबला पाठवला तर येणारा रिपोर्ट कशाच्याच कामाचा नसतो.

घरच्या घरी तीन चाचण्या होतात. एक, बोटांत चोळा. माती कचकचते किंवा साबणासारखी बुळबुळीत लागते, खपली पापुद्र्यासारखी तुटते. दोन, वाळवून, कुटून जवळ लोहचुंबक न्या. काळी पूड उडून चिकटली तर ते बॉयलरच्याच किंवा पाइपांच्या पोलादाचं गंजून झालेलं ऑक्साइड. तांबडी पूड न चिकटता पडून राहिली तर माती किंवा बाहेरून आलेलं लोह. तीन, काचेच्या पेल्यात १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन खपलीचा तुकडा टाका. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. जोरात फसफसलं तर चुना, म्हणजे कार्बोनेट. फसफसलं नाही पण हळूहळू विरघळलं तर फॉस्फेट किंवा लोह. रात्रभर ठेवूनही काचेच्या चुऱ्यासारखा साका उरला तर सिलिका. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय जास्त आहे. सल्फेटही चटकन विरघळत नाही, त्यामुळे शेवटचा निकाल लॅबकडूनच घ्या.

टोपलीभर गाळ आला कुठून, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम तरंगती माती धरा. डोळ्याला हे पाणी जेमतेम गढूळ दिसतं. दिवसाला ४,००० लिटर म्हणजे ८० ग्रॅम, महिन्याच्या २५ दिवसांत २ किलो, चार महिन्यांत ८ किलो कोरडी माती. ओली झाली की तिचं आकारमान कितीतरी पट वाढतं, टोपली सहज भरते. उलट सॉफ्टनरमधून ५ पीपीएम जडपणा निसटला तरी दिवसाला २० ग्रॅमच जातो. रोज निळी येणारी टेस्ट खोटी नाही, ती फक्त चौपट मोठ्या पाहुण्याची चौकशीच करत नाही.

मग ब्लो डाऊननं, म्हणजे प्रेशरखाली थोडं पाणी बाहेर सोडण्यानं, ही माती बाहेर का गेली नाही? अशा ठिकाणी हमखास होतं ते असं: अटेंडंट टीडीएस मीटर बुडवतो, ९०० दाखवतो. पुस्तकातली मर्यादा ३,००० ते ३,५००. "अजून पुष्कळ वाव आहे, कशाला गरम पाणी फेकायचं?" म्हणून ब्लो डाऊन चार दिवसांतून एकदा. पण मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, चिखल त्याला दिसतच नाही. पाणी मऊ असल्यामुळे टीडीएस हळू चढतो, ब्लो डाऊन कमी होतो, आणि गाळ निवांत तळाशी बसून भाजून निघतो. सोलापूरच्या बॉयलरवर टीडीएसच ब्लो डाऊन करायला भाग पाडतो, त्यामुळे तिथं गाळही आपोआप जातो. आपल्या गोड पाण्याची ही खोड नीट लक्षात ठेवा.

नळ्यांवरच्या खपलीचं मूळही याच खोडीत असू शकतं. ९० टीडीएसचं पाणी ३,००० पर्यंत नेलंत तर ते तेहतीस पट घट्ट झालं. मग १५ पीपीएमची सिलिका ५०० होते. एवढ्या दाबाच्या बॉयलरला सिलिका १५० च्या आत हवी, आणि ती विरघळलेली राहायला कॉस्टिक अल्कलिनिटीही (पाण्यातला क्षारपणा) पुरेशी हवी. सिलिका त्या अल्कलिनिटीच्या ०.४ पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे १५० सिलिकेला निदान ३७५. आपल्या पाण्यात मुळातच अल्कलिनिटी कमी असते, त्यामुळे ती वरून द्यावी लागते. थोडक्यात, तुमची मर्यादा टीडीएस नाही, सिलिका आहे. १५० भागिले १५ म्हणजे दहा पट. मीटरवर ९०० ते १,००० दिसले की तुमचं पाणी भरलं, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

सिलिकेला एवढं भ्यायचं कारण तिची उष्णता अडवण्याची ताकद. भट्टीच्या नळीतून दर चौरस मीटरला दीड लाख वॅट उष्णता जाते असं धरा. चुन्याचा १ मिलिमीटर थर असेल तर पोलाद साधारण १०० अंशांनी जास्त तापतं. तेवढ्याच जाडीचा सिलिकेचा थर असेल तर ही वाढ ५०० अंशांपर्यंत जाऊ शकते. ७ किलोला आतलं पाणी १७० अंशांवर असतं. बेरीज करा, आणि साधं बॉयलरचं पोलाद ४०० ते ४५० च्या पुढे ताकद सोडू लागतं हे आठवा. भट्टीच्या नळीला फुगा येतो तो असा. मागच्या ट्यूब प्लेटजवळ उष्णता त्यापेक्षा कमी असली तरी नळ्यांचे जोड तिथंच असतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

आता साफसफाई. आधी गाळ, मग खपली, हा क्रम उलटा करू नका. तांबड्या गाळासकट ॲसिड भरलंत तर अर्धं ॲसिड मातीतलं लोह विरघळवण्यात जातं. त्यातून तयार झालेले लोहाचे क्षार पुढं पोलादालाच खातात, आणि इनहिबिटर (पोलाद वाचवायला ॲसिडमध्ये घालतात ते औषध) त्यांना फारसं अडवू शकत नाही. म्हणून मडहोल, हँडहोल (साफसफाईची झाकणं) उघडून जोराच्या पाण्यानं वरून खाली, नळ्यांच्या रांगांमधून धुवा. बॉयलर गरम असताना रिकामा करू नका. प्रेशर उतरू द्या, पाणी ऐंशीच्या खाली येऊ द्या, आणि रिकामा होताच गाळ ओला आहे तोवर होज मारा. "आज ड्रेन करू, उद्या धुवू" म्हटलं की रात्रभर गरम पोलादावर गाळाची वीट होते.

धुतल्यावर उरलेली खपली मोजा. ॲसिडमध्ये फसफसणारी आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर इनहिबिटर घातलेल्या ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वॉश योग्य आहे. तापमान ६० अंशांखाली, पंपानं सतत फिरवत. वरचा व्हेंट उघडा हवा, कारण हायड्रोजन निघतो, आणि आसपास विडी-काडी पूर्ण बंद. दर अर्ध्या तासानं ॲसिडची तीव्रता आणि लोह तपासा. तीव्रता स्थिरावली आणि लोह चढू लागलं की खपली संपली, आता पोलाद विरघळतंय. लगेच थांबा, बाहेर काढा, सोडा ॲशनं उदासीन करा. खपली सिलिकेची निघाली तर साध्या ॲसिडनं काही होणार नाही. त्यासाठी फ्लोराइड मिसळावं लागतं, आणि ते अनुभवी कंत्राटदाराशिवाय हातात घ्यायचं काम नाही. पातळ थर असेल तर सोडा ॲश आणि ट्रायसोडियम फॉस्फेट घालून अल्कलीचा बॉइल आउट करा, म्हणजे ते द्रावण बॉयलरमध्ये उकळून थर सैल करा. त्यानंतरचे आठवडाभर रोज तळाचा ब्लो डाऊन वाढवा आणि पहिल्याच संधीला पुन्हा उघडा, कारण सुटलेले पापुद्रे तळाशी साचून वाट बुजवतात.

पुन्हा होऊ नये म्हणून पैसे सगळ्यात आधी विहीर आणि सॉफ्टनर यांच्या मधल्या जागेत घाला. पावसाळ्यापुरती तुरटी लागेल. पण आपल्या पाण्यात नुसती तुरटी टाकली तर गाळाचे पुंजके नीट बसत नाहीत, पाणी नुसतंच आंबट होतं. दर १ पीपीएम तुरटी सुमारे अर्धा पीपीएम अल्कलिनिटी खाते, आणि जांभ्यातल्या पाण्यात ती मुळात असते कुठं? म्हणून आधी सोडा ॲश, मग तुरटी. ३० पीपीएम तुरटी म्हणजे ४,००० लिटरला १२० ग्रॅम, आणि सोबत साधारण ६० ग्रॅम सोडा ॲश. नेमकं प्रमाण पाच बाटल्यांत वेगवेगळं घालून ठरवा. अर्ध्या तासात सर्वात कमी तुरटीत जी बाटली नितळ होईल ते तुमचं. "जास्त घातली तर जास्त स्वच्छ" हा हिशेब इथं महागात पडतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम पुढं गेलं की सिलिकेबरोबर मिळून बॉयलरमध्ये अत्यंत चिवट खपली करतं.

निवळलेलं पाणी वाळूच्या प्रेशर फिल्टरमधून काढा. ताशी ६०० लिटरला ३०० मिलिमीटर व्यासाचं भांडं पुरतं. खरी मेख बॅकवॉशमध्ये, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्यात आहे. वाळू उचलली जायला ताशी अडीच हजार लिटरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच छोटा पंप बॅकवॉशलाही जोडलेला असतो. मग वाळू हलतच नाही, चिखलाचे गोळे होतात आणि फिल्टर नावापुरता उरतो. बॅकवॉशसाठी उंचावरच्या टाकीची जाड लाइन किंवा मोठा पंप जोडा. उपसलेलं पाणी नितळ असून बादलीत ठेवल्यावर पिवळं पडत असेल तर त्यात विरघळलेलं लोह आहे. फिल्टरआधी पायऱ्यांवरून पाणी पाडून हवा द्या आणि पीएच सातच्या वर न्या, मग ते वाळूत अडकेल.

सॉफ्टनरमध्ये जाणाऱ्या पाण्यात लोह ०.३ पीपीएमच्या खाली हवं. ५० लिटर रेझिन (जडपणा पकडणारे दाणे) असेल तर दर लिटरला ५० ग्रॅम क्षमतेनं अडीच किलो जडपणा पकडला जातो. ६० पीपीएमच्या पाण्याला हे ४१ हजार लिटर होतात, पण भरवसा ३३ हजारांवर ठेवा, म्हणजे आठ दिवसांनी रीजनरेशन (मिठाच्या पाण्यानं रेझिन पुन्हा ताजं करणं). मीठ साडेसात किलो, १० टक्क्यांचं द्रावण, निदान अर्धा तास सावकाश जाऊ द्या. आगरातलं जाडं मीठ स्वस्त मिळतं म्हणून वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार आणि मिठागराचा चिखल असतो, म्हणजे जे काढायचं तेच रेझिनला खाऊ घालतो. ते मीठ सुंगटाच्या (कोळंबीच्या) लोणच्याला ठेवा. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्यावर दोन-तीन दिवस ते पाणी सॉफ्टनरला देणंही टाळा, क्लोरीन रेझिन कुजवतं.

ब्लो डाऊनचं आता स्पष्ट आहे. तळाचा व्हॉल्व्ह गाळासाठी, वरचा सरफेस ब्लो डाऊन टीडीएस आणि सिलिकेसाठी. तळाचा प्रत्येक पाळीत दोन-तीनदा, प्रत्येक वेळी ५ ते ८ सेकंद, लोड कमी असताना, म्हणजे सकाळी वाफ घेण्याआधी आणि कुकरच्या दोन घाण्यांच्या मध्ये. एकच लांबलचक ब्लो डाऊन केला तर पहिल्या काही सेकंदांत तोंडाजवळचा गाळ जातो, नंतर नुसतं चांगलं पाणी. दोन व्हॉल्व्ह असतील तर बॉयलरकडचा आधी पूर्ण उघडा, बाहेरच्यानं सोडा, बंद करताना बाहेरचा आधी. म्हणजे झीज बाहेरच्याची होते, आणि तो बॉयलर चालू असतानाही बदलता येतो. दहा पटीच्या हिशेबानं एकूण ब्लो डाऊन फीडच्या १० टक्के, दिवसाला ४०० लिटर. यात सुमारे अडीच टक्के इंधन जातं, ते खुशाल जाऊ द्या.

औषधं शेवटी, आणि मोजून. निसटलेल्या ५ पीपीएम जडपणाला ट्रायसोडियम फॉस्फेटचे खडे दिवसाला ४६ ग्रॅम, ४०० लिटर ब्लो डाऊनबरोबर जाणाऱ्याची भरपाई ४८ ग्रॅम, मिळून ९४ ग्रॅम. बॉयलरच्या पाण्यात फॉस्फेट २० ते ४० आणि पीएच १०.५ ते ११.५ राहिलं तर कॅल्शियम नळ्यांना न चिकटता मऊ गाळ होऊन खाली बसतं. सॉफ्टनर बंद ठेवून हेच काम फॉस्फेटवर ढकललं तर रोज अर्ध्या किलोच्या वर लागेल, आणि त्याचा स्वतःचाच पाव किलो गाळ रोज तयार होईल. तुमची वाफ थेट काजूत जाते, म्हणून कुठलंही तयार मिश्रण घेताना अन्नप्रक्रियेला चालतं असं लेखी घ्या. थेट वाफेमुळे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत येत नाही, सगळं पाणी ताजं. थंड पाण्यात ८ पीपीएमच्या आसपास पोलाद गंजवणारा ऑक्सिजन असतो, तो काढायला दिवसाला अडीचशे ग्रॅम सोडियम सल्फाइट लागेल. फीड टँक ८० अंशांवर ठेवलात तर शंभर ग्रॅममध्ये भागतं. चुंबकाला काळी पूड चिकटली असेल तर हे काम आधी हाती घ्या.

वेर्णे किंवा कळंगुटकडच्या हॉटेल-लाँड्रीवाल्यांनी यातलं गाळाचं प्रकरण थोडं सोडून द्यावं. त्यांचं दुखणं एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होणाऱ्या विहिरी आणि टँकर. टीडीएस ६०० झाला की ३,५०० ची मर्यादा पाळायला वाफेच्या २० टक्के ब्लो डाऊन लागतो. सॉफ्टनर टीडीएस उतरवत नाही, तिथं आरओचाच हिशेब करावा लागतो. आलेला प्रत्येक टँकर टाकीत सोडण्याआधी मीटरनं मोजा.

एक गोष्ट मात्र आजच करा. हा गाळ फक्त तळाशी बसत नाही, गेज ग्लासच्या (पातळी दाखवणाऱ्या काचेच्या) खालच्या कॉकमध्ये आणि मोब्रेच्या (पातळी सांभाळणाऱ्या फ्लोट स्विचच्या) डब्यातही जातो. कॉक बुजला की काचेत पाणी दिसतं आणि आत ते नसतं. दोन्ही प्रत्येक पाळीत ब्लो करा, आणि आठवड्यातून एकदा पाणी मुद्दाम खाली नेऊन फीड पंप सुरू होतो का, अलार्म वाजतो का, बघा. अटेंडंटनं त्या वेळी काचेसमोरून हलायचं नाही.

पणजीत आल्तिनोच्या फॅक्टरीज अँड बॉयलर्स इन्स्पेक्टोरेटची वार्षिक तपासणी आहेच, तेव्हा बॉयलर उघडावाच लागतो. शक्य असेल तर ती तारीख पावसाळ्यानंतरची मागा, चार महिन्यांचा गाळ तेव्हा समोर असतो. पण यंदा त्याची वाट न बघता डिसेंबरात एकदा मडहोल उघडा. त्याच चार जागांचे फोटो काढा, गाळ वाळवून वजन करा, आणि कच्चं पाणी, फिल्टरनंतरचं, सॉफ्टनरनंतरचं आणि बॉयलरचं अशा चार नमुन्यांचे आकडे इथं टाका. सिलिका आणि लोह मुद्दाम सांगून करून घ्या, नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते बहुधा नसतात.